पोच घेतल्याशिवाय हलू नका!

दोस्तहो, लोणार तालुक्यातल्या बीबी गावचा पोरगा शहराच्या नाक्यावर उभा राहतो. म्हणतो, 'डिग्री नाही, गावात काम नाही.' हे त्याला कुणी पढवलं? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडली. त्यातूनच १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला : मागेल त्याला काम, १५ दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता. डिग्रीची अट नाही, पाटलाची मेहेरबानी नाही. पण तोंडी मागितलं की साहेब हात वर करणार. म्हणून मागणी लेखी द्या, तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर भत्ता कशाच्या जोरावर मागणार? शिकलेल्यांनो, गावी जाल तेव्हा दहा जणांचे अर्ज लिहा. काम ही भीक नव्हे!