कुलूप दिसू द्या!

पूर्वी मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवणं तसं सोपं होतं. दप्तर उघडायचं, वहीतला लाल शेरा बघायचा, पुस्तकात कुठवर आलंय ते विचारायचं. पुस्तक सगळ्यांचं एकच. शेजारच्या बंडूचं पुस्तक उघडलं तरी तोच धडा आणि तोच स्वाध्याय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि वर्ग पुन्हा भरायला लागले तरी ती काही पूर्ण बाहेर आली नाही. टेस्ट ॲपवर, नोट्स ॲपवर, गृहपाठही ॲपवरच. आपण मनाशी धरून चालतो की पुस्तकासारखंच पडद्यावरही सगळ्यांना सारखंच दिसत असणार.

तसं नसतं, मैत्रिणींनो. पडद्यावर कुणाला काय दिसावं हे कुणीतरी ठरवत असतं.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. आमच्याकडे मूडल वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी ते तयार केलं आणि २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आली. ते फुकट मिळतं, म्हणून लहानमोठ्या कॉलेजांना परवडतं. त्यात शिक्षकाच्या हाती बऱ्याच किल्ल्या असतात. एखादा धडा ठरावीक तारखेलाच उघडावा, आधीच्या चाचणीत अमुक इतके गुण मिळाले तरच पुढचा दिसावा, एखादा भाग फक्त एका गटालाच दिसावा, असं सगळं ठरवता येतं. गूगल क्लासरूममध्येही एखादा गृहपाठ सगळ्या वर्गाला न देता निवडक मुलांनाच देता येतो. बाकीच्यांना तो दिसतच नाही. पंगतीत वाढपी ओळखीचा असावा म्हणतात ना, तशातली गत! पानात काय पडणार, हे शेवटी वाढणाऱ्याच्या हातात.

आता लगेच शिक्षकांवर डोळे वटारू नका हं. काही गोष्टी झाकायलाच हव्यात. माझ्या वर्गात लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या मुली आहेत. रात्री भांडी आवरल्यावर नवऱ्याचा मोबाईल अर्धा तास हाती येतो, तेवढाच त्यांचा अभ्यासाचा वेळ. त्यांनी ॲप उघडलं आणि वर्षभराचे चाळीस धडे, पंधरा व्हिडिओ न् दहा सूचना एकदम अंगावर आल्या, तर अर्धा तास शोधण्यातच जायचा. म्हणून मी चालू आठवड्याचं तेवढं समोर ठेवते आणि पुढचं मिटून ठेवते. भाजी निवडताना आपण सगळी पिशवी परातीत ओतत नाही, तसंच हे.

गुणांचंही तेच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अख्ख्या वर्गाचे मार्क टाकायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. कमी मार्क पडलेल्या पोरीला त्या यादीने घरात, गल्लीत काय काय ऐकावं लागतं, ते मी सांगायला नको. मूडल किंवा क्लासरूमवर ज्याचे गुण त्यालाच दिसतात. हे झाकणं चांगलंच.

मग माझं भांडण कशाशी? मूडलमधल्या एका छोट्याशा खुणेशी! शिक्षक एखाद्या भागाला अट घालतो, तेव्हा अटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा उघडा ठेवला तर तो भाग विद्यार्थ्याला फिकट रंगात दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं, अमुक केलंस की हा उघडेल. डोळा मिटला तर तो भाग दिसतच नाही. तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही. दोन्हीकडे दार बंदच आहे. पण एकीकडे कुलूप दिसतं, किल्ली कुठे आहे तेही कळतं. दुसरीकडे नुसती भिंत. भिंतीशी कोण कशाला झगडेल?

हे सगळं वरवरचं वाटत असेल तर माझ्या भाचीचं ऐका. दहावीत होती, एका खासगी क्लासला जायची. क्लासने ॲपवर मुलांचे दोन गट केले होते. तिच्या गटाला सराव प्रश्न दिसायचे. दुसऱ्या गटाला ते दिसायचेच, शिवाय कठीण प्रश्नांचा एक वेगळा भागही दिसायचा. फी दोघांची सारखीच! हे कळलं ते शेजारच्या मुलाने सहज आपला मोबाईल दाखवला म्हणून. ताई विचारायला गेली तर उत्तर आलं, ‘‘तिला झेपणार नाही ताई, उगाच दडपण येतं म्हणून दाखवलं नाही.’’

झेपणार नाही म्हणून दाखवलं नाही! हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? कुणाला सायन्सचा फॉर्म दाखवलाच नाही, कुणाला शिष्यवृत्तीची जाहिरात तारीख उलटल्यावर कळली, कुणाला जमिनीच्या कागदांची पेटी ‘‘तुला काय समजतंय त्यातलं’’ म्हणून कधी उघडूनच दिली नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. जे आहे हेच माहीत नाही, त्यासाठी भांडणार कसं?

मुलींना काय दाखवावं हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तिथे मुलींना इंग्रजी वगैरे शिकवायचं की घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढंच, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढे वाद रंगले होते! पण तो वाद चारचौघांत, छापून झाला. ज्याला पटलं नाही त्याने उलट उत्तर लिहिलं. आज तोच निर्णय सेटिंगमध्ये एक खूण करून होतो. वादही नाही न् चर्चाही नाही. आईला कळत नाही, मुलीला तर नाहीच नाही.

काहीजणी म्हणतील, अहो, कच्च्या मुलासमोर न झेपणारं ठेवलं तर ते खचतं. खरं आहे. वर्गात मीही पाहते. म्हणून तर मी सगळं उघडं टाका म्हणत नाही. अट घाला, पायरी ठेवा, आधी सोपं मग कठीण करा. फक्त वरची पायरी दिसू द्या. भाचीला शेवटी तो कठीण प्रश्नांचा संच मिळाला. दहापैकी चार तिला आले, सहा आलेच नाहीत. पण ते सहा न आलेले प्रश्न आहेत हे तिला कळलं आणि ती ते घेऊन शाळेतल्या बाईंकडे गेली. चार आले याच्यापेक्षा मला ती बाईंकडे गेली याचं जास्त कौतुक वाटतं.

आपण काय करायचं? एक तर आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसून तो पडदा स्वतः बघायचा. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. ‘‘हे काय, ते काय, हे फिकट का दिसतंय,’’ असं विचारलं तरी पुरे. दुसरं म्हणजे त्याच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आईशी बोलायचं. भिशीत, हळदीकुंकवाला आपण इतकं बोलतो, त्यात हेही बोलू. दोघांच्या पडद्यात फरक दिसला तर पालकसभेत सरळ विचारायचं, गट कशावरून केले आणि खालच्या गटातून वर कसं जायचं? उत्तर नीट मिळालं तर ठीकच. मिळालं नाही, तर पुन्हा विचारायचं. शाळेत गूगल क्लासरूम असेल तर पालकांच्या ईमेलवर राहिलेल्या आणि येणाऱ्या गृहपाठाची माहिती पाठवायची सोयही त्यात आहे. शाळेने ती चालू केलेली नसेल तर मागायला हवी.

आणि शिकवणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. मूडलमध्ये विद्यार्थ्याच्या भूमिकेत जाऊन आपलंच पान बघायची सोय आहे. महिन्यातून एकदा तरी ते बघा आणि तेही मोबाईलवर. आपल्या बाजूने सगळं नीटनेटकं दिसतं, त्यांच्या बाजूने कसं दिसतं ते तिथे गेल्यावरच कळतं. डोळा मिटण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, हे मी तिची सोय म्हणून झाकतेय, की तिला जमणार नाही असं मीच ठरवून टाकलंय?

दाराला कुलूप असायला हरकत नाही. किल्ली शोधायला आपल्या पोरी खंबीर आहेत. मात्र आधी त्यांना दार तर दिसू दे!