शिंप्याच्या पाटीपासून ‘रिटर्न’च्या बटणापर्यंत: कपडेखरेदीत नेमकं काय बदललं?

‘दिवाळीच्या ऑर्डर घेणे बंद आहे.’ सणाच्या दोन-तीन आठवडे आधी शिंप्याच्या दुकानाबाहेर ही पाटी लागायची. ती लागण्याआधी कापड घेऊन, माप देऊन मोकळं व्हायचं, नाहीतर दिवाळीला जुनेच कपडे. आज नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री मागवलेला कुर्तासुद्धा काही शहरांत वेळेवर हातात पडतो.

आधी सगळं स्वस्त होतं आणि आता महाग झालं, असं या बदलाबद्दल बोललं जातं. प्रत्यक्षात कपड्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी उलटं घडलंय. साधा शर्ट पूर्वी घरच्या बजेटला जितका जड जायचा, तितका आज जात नाही. खरा बदल आहे तो कपडा अंगाला बसवण्याची जबाबदारी कुणाची, यात.

‘वाढत्या अंगाचं शिवा’

पूर्वी बहुतेक घरांत खरेदीचे प्रसंग ठरलेले होते: दिवाळी, लग्नकार्य आणि शाळेचा गणवेश. पुण्यात लक्ष्मी रोड, मुंबईत दादर किंवा मंगलदास मार्केट, कोल्हापूरकरांसाठी गांधीनगर. कापड मीटरवर मिळायचं. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे शर्ट निघायचे, मग फोटोत सगळी बॅंडपथकासारखी दिसायची. शिंप्याला सूचना एकच: वाढत्या अंगाचं शिवा. शिलाईत जादा कापड दाबून ठेवलं जायचं आणि पुढच्या वर्षी ते उसवून कपडा मोठा व्हायचा. पैसे देण्याआधी माप घेतलेलं असायचं. चुकलं तर शिंपी समोरच बसलेला.

तयार कपडे तेव्हाही होतेच. पण शर्ट-पँटसारखे कपडे शिवण्याचं काम दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होतं. २००० च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणात ते आरक्षण निघालं. मोठ्या कारखान्यांची वाट मोकळी झाली, पाठोपाठ मॉल आले आणि मग मोबाइल.

साइज ‘एम’ म्हणजे किती?

शिंप्याची टेप गेली आणि तिच्या जागी एस, एम, एल आले. अडचण अशी की एका ब्रँडचा ‘एम’ दुसऱ्याच्या ‘एल’एवढा निघतो. भारतातले अनेक ब्रँड वर्षानुवर्षं अमेरिका-ब्रिटनच्या मापांवरून साइज ठरवत आले. म्हणूनच ‘निफ्ट’ संस्थेनं ‘इंडियासाइज’ प्रकल्पात २५ हजारांहून जास्त भारतीयांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेतली.

तोवर ग्राहकानं स्वतःचा उपाय शोधलाय. एकच ड्रेस दोन साइजमध्ये मागवायचा, बसेल तो ठेवायचा, दुसरा परत. ग्राहकाला हे फुकट वाटतं. पण परत जाणाऱ्या पार्सलचा येण्या-जाण्याचा खर्च, पुन्हा इस्त्री आणि पॅकिंग हे सगळं कुणीतरी भरतंच. काही वेळा तो लहान विक्रेता असतो. काही वेळा हा खर्च किमतीतच मिसळलेला असतो, म्हणजे एकही कपडा परत न करणारा ग्राहकही तो भरत असतो.

घासाघीस गेली, टायमर आला

दुकानदार दोनशे सांगणार, आई शंभर म्हणणार आणि सौदा दीडशेला तुटणार, हे दोघांनाही माहीत असायचं. आता खोडलेली किंमत, शेजारी ‘७० टक्के सूट’ आणि खाली उलटं धावणारं घड्याळ. खोटी घाई दाखवून विकणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत १३ ‘डार्क पॅटर्न’पैकी एक म्हणून नोंदवलंय आणि त्याला मनाई आहे. घड्याळ संपल्यावरही ऑफर तशीच राहिली, तर समजून जावं.

करातही फरक पडलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. आधी ५ टक्क्यांची मर्यादा एक हजार होती आणि त्यापुढे १२ टक्के लागायचे. म्हणजे रोजचे कपडे सुटले, लग्नाचा लेहंगा अडकला.

परत घ्यायला नकार दिला तर?

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलं म्हणून विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘रंग आवडला नाही’ हा मात्र दोष नव्हे. तिथे दुकानाचं धोरण चालतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

जुन्या कपड्यांचं काय?

बोहारीण दारात यायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायची. त्या व्यवहारातली घासाघीस दुकानातल्यापेक्षा कडक असे. मऊ झालेली सुती साडी मात्र तिला मिळायची नाही, ती गोधडीत जायची. आजच्या स्वस्त टॉपमध्ये बहुतेकदा पॉलिस्टर किंवा मिश्र धागा असतो. तो घाम टिपत नाही, म्हणून गोधडीला नको. धागे वेगळे काढणंही अवघड. हरियाणातल्या पानिपतात जुने कपडे पिंजून पुन्हा सूत आणि ब्लँकेट करण्याचा मोठा उद्योग आहे. पण तिथवर पोहोचायला कपडा आधी कुणीतरी वेगळा गोळा करावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यातच जातो.