पद निरसित, झाडू कायम!

दोस्तांनो, मालवणच्या वाळूत रापण ओढणारे हात 'अतिरिक्त' ठरवले म्हणून जाळं हलकं होत नाही. मी गोदीत गोणी वाहतो, मला कळतं. सरकारी कागदाला कळत नाही.

१९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातल्या दोन वॉर्ड-नोकरांना काढलं, जागी दुसऱ्या खात्यातले अतिरिक्त नोकर बसवले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं ठणकावलं: भरपाई दिल्याशिवाय कपात बेकायदा. १९७३ साली तेच न्यायालय म्हणालं: पद निरसित करणं म्हणजे बडतर्फी नव्हे, ३११व्या कलमाचं कवच नाही.

म्हणून हातात कागद पडला की पहिला सवाल करा: पद मेलं, मग झाडू कुणाच्या हातात? पदाबरोबर त्यावरचं आरक्षण पुसता, घाण मात्र आमच्याच नावावर ठेवता! हे चालणार नाही.