फिट येते म्हणून शाळा सोडवू नका

शहापूर-मुरबाडच्या आईबापांनो, गुरुजींनो, बाईंनो, फिट येणाऱ्या मुलांविषयी थोडं बोलायचं आहे. फेफरं ही बाहेरची बाधा नाही आणि शेजारी बसल्याने ते दुसऱ्याला लागत नाही. तो मेंदूचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान झालं आणि औषध नियमित मिळालं, तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात. तरी आपल्याकडे मूल घरी बसतं.

मुलगी असेल तर आजार लपवतात, पुढे लग्न कसं जमेल म्हणून. ही काळजी मला कळते. पण लग्नाच्या आड येणारा फेफऱ्याचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकला आहे. आणि लपवल्यामुळे होतं काय, तर ती वर्गात कोसळते तेव्हा कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. चपलेने काही होत नाही, चमच्याने दात तुटतात. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवा, बाक बाजूला सारा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही नको. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर लगेच १०८ ला फोन करा. डोळखांब-टोकावड्याच्या आतल्या पाड्यावर गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून गावातली जीपही सांगून ठेवा.

काही मुलं पडत नाहीत. लिहिता लिहिता काही सेकंद एकटक बघत राहतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत, आणि पुन्हा लिहू लागतात. गुरुजी, असं वारंवार दिसलं तर ‘लक्ष नाही’ म्हणून मारू नका. मोबाईलवर चित्रण करा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

सगळ्यात मोठी अडचण गोळीची आहे. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, गोळ्या संपतात, आणि एकाएकी बंद झालेल्या औषधाने जोराची फिट येते. निघण्याआधी डॉक्टरांना सांगून पुरेल एवढं औषध मागा, कागद सोबत ठेवा. भगताकडे जायचं तर जा, अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका. फिट थांबल्या तरी मनाने बंद करू नका. आश्रमशाळेत ही गोळी अधीक्षकांनी स्वतः समोर उभं राहून द्यावी. त्या मुलाला वरचा पलंग नको, जागरण नको, उपास नको. ओढ्यावर किंवा विहिरीवर एकटं पाठवू नका. बाकी कबड्डी खेळू द्या, सहलीला न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि फिटचा आजार त्याच्या तपासणीत आहे. त्या दिवशी हे मूल घरी राहू देऊ नका. पथकाने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाची किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली, तर ते तिथे पोचलं की नाही, हे वर्गशिक्षकांनी पुढच्या आठवड्यात घरी विचारावं.