जिल्हे[१०] : जालना की ठाणे?

उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले २०२३ मध्ये. तरी साखर कारखान्यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या वाचकांची पत्रे थांबत नाहीत, आणि तक्रार एकच: अहवालात जालन्याच्या जागी ठाणे येते.

जुन्या नावांची यादी अकारविल्हे लावली की जालना ‘जिल्हे[१०]’वर येई. उस्मानाबाद ‘उ’तून उठून ‘ध’त गेले, संभाजीनगर ‘छ’त आले, जालना ९ वर सरकला आणि १० वर ठाणे येऊन बसले. (अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण जागा तीच, म्हणून तिथले प्रोग्रॅम वाचले.) ‘इंडेक्सएरर’ आली असती तर निदान काम थांबले असते. इथे जालन्यातल्या अंकुशनगरचा ऊस बिनबोभाट ठाण्याच्या खाती जमा!

केंद्राच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त जिल्हा, तालुका, गाव, प्रत्येकाला कोड आहे. एक्सेलमध्ये त्याचा एक रकाना वाढवायला काय जाते? पण सरकारी कार्यालयाकडून नमुना येतो तो ‘अ. क्र.’ आणि नावांचा, मर्ज केलेल्या सेलसकट. पुढच्या महिन्यात क्रम वेगळा. विचारावे तर साहेब म्हणतात, ‘यादी तीच आहे.’

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. ऊसनोंद घ्या. शेतकऱ्याच्या आत प्लॉटांची यादी, प्रत्येक प्लॉटात गट नंबर, क्षेत्र, लागण. ‘शेतकरी["प्लॉट"][०]["लागण"]’ लिहून मोकळे होणारे आपल्यातच आहेत, कारण टेस्टिंगला घेतलेल्या प्रत्येकाचा प्लॉट एकच होता. ज्याचा [०]वर आडसाली आणि [१]वर खोडवा, त्याच्या खोडव्याची तोडणी चिठ्ठी निघतच नाही. मग कोणी हुशार [-१] सुचवतो. तो शेवटी नोंदलेला प्लॉट, शेवटी लागण झालेला नव्हे! त्याहून वाईट ते ‘गेट("क्षेत्र", ०)’. रकानाच नसल्याची बोंब व्हायला हवी, तिथे शून्य हेक्टर छापून येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. नोंदच चुकली तर शेतकऱ्याने ते कुणाकडे मागायचे? ‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय’ हे उत्तर त्याला गट ऑफिसात मिळते, आणि ती सिस्टीम आपण लिहिलेली असते.

तेव्हा मंडळी, मोळी पडण्याआधी कोड उघडा. चौकटी कंसातला प्रत्येक आकडा शोधा, तो तिथे का आहे हे सांगता येत नसेल तर काढा. प्लॉट क्रमाने नको, गट नंबर आणि हंगामाने धरा. आणि कोडाविना आलेली यादी मुकाट्याने भरू नका, लेखी पत्र जोडून परत पाठवा. पत्राचा मसुदा पुढच्या अंकात देत आहोत.