रोपांचे प्रायश्चित्त

जून महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतून रोपे वाटली जातात. ख्रिस्तयागानंतर धर्मगुरू आशीर्वाद देतात, मुले ओळीने उभी राहतात, छायाचित्र निघते आणि यथावकाश ते छापूनही येते. रोपाशी माझे भांडण नाही. रोप लावून जे समाधान आपण पदरात बांधून घरी नेतो, त्याच्याशी आहे.

प्रायश्चित्त संस्काराची शिकवण आपण लहानपणीच घेतलेली असते. चोरी केली असेल तर नुसते निवेदन पुरत नाही. चोरलेले परत करावे लागते आणि पुन्हा चोरी न करण्याचा निश्चय असावा लागतो. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. तो उंबराच्या झाडावर चढला होता खरा; पण त्याच्या घरी तारण आले ते झाडामुळे नव्हे. हवामानबदलाच्या बाबतीत आपण परतफेडही टाळतो आणि निश्चयही. हाती उरते ते झाड.

हिशेबच मांडू. एखाद्या चर्चमध्ये दीड टनाची २० वातानुकूलन यंत्रे आहेत असे धरा. प्रत्येक यंत्राला तासाला सुमारे दीड युनिट वीज लागते. रविवारचे तीन तास धरले तर ९० युनिट झाली. आपल्या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळसा जाळून निघते; एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका रविवारी ६३ किलो, आणि वर्षाच्या ५२ रविवारी सव्वातीन टन. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो शोषून घेते. केवळ रविवारच्या गारव्यासाठी दीडशेहून अधिक मोठी झाडे हवीत! आपण लावतो ती वीतभर रोपे. त्यांतली किती पुढला जून पाहतात, तेही कोणी मोजत नाही.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे आपण मोठ्या थाटात स्वागत केले. त्याच्या ५५व्या परिच्छेदात घातक उपभोगाचा दाखला म्हणून त्यांनी नेमका वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचाच दिला आहे. तो परिच्छेद प्रवचनात क्वचितच येतो. असिसीच्या संत फ्रान्सिसचे पक्षी मात्र दरवर्षी ऑक्टोबरात येतात. खुद्द व्हॅटिकनने २००८ सालीच पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवल्या होत्या.

‘प्रदूषण करतात अमेरिका आणि मोठे कारखाने, आपल्या धर्मग्रामाचा वाटा तो किती?’ असे कोणी विचारील. प्रश्न अगदीच खोटा नाही. अमेरिकेतील माणसामागे वर्षाला चौदाएक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतीय माणसामागे दोनेक टन. पण या दोन टनांच्या सरासरीत डोंगरातला वारली आदिवासीही मोजला जातो आणि दारात दोन मोटारी उभ्या करणारे कुटुंबही. त्या आदिवासीच्या गरिबीआड आपण आपली चैन किती काळ लपवणार?

आणि किंमत कोण मोजते? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मग पाऊस कोसळतो तो एकदम. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली, मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली. एकेका पावसाचा दोष तापमानवाढीवर ढकलता येत नाही, हे मान्य; पण पाणी तुंबले ते आपण त्याच्या वाटा बुजवल्या म्हणूनही. पूर्वजांनी खणलेली बावखले पावसाचे पाणी पोटात घेत, विहिरींना पाझर देत. ती बुजवणारे सगळेच बाहेरचे बिल्डर नव्हते. याच भूमीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. बिल्डरांविरुद्ध घोषणा देणे आपल्याला जमले. स्वतःच्या अंगणाविरुद्ध घोषणा कोणी दिली नाही. अंगणांत, चर्चच्या आवारातही, फरशी आली. जगातील सात-आठ टक्के कार्बन डायऑक्साइड सिमेंटच्या निर्मितीतून निघतो, याचा विचार पायाला चिखल लागू नये म्हणून फरशी घालताना कोण करतो?

वृद्धांना उकाडा सोसवत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर जुन्या चर्चबांधणीतच उत्तर होते: उंच छप्पर, जाड भिंती, समोरासमोरची दारे. आता खाली खोटे छत येते, खिडक्या काचेने बंद होतात आणि मग यंत्रावाचून गत्यंतर राहत नाही.

आपल्या शाळांच्या सपाट गच्च्या रिकाम्या तापत पडलेल्या आहेत. हजारेक चौरस फुटांत १० किलोवॅटच्या सौरपट्ट्या मावतात; त्यांतून वर्षाला सुमारे १४,००० युनिट वीज निघते, म्हणजे दहाएक टन कार्बन डायऑक्साइड टळतो. वर उल्लेखिलेल्या वीस यंत्रांच्या तिप्पट! पैसा नाही म्हणू नका. सणाच्या रोषणाईला आणि फटाक्यांना तो दरवर्षी सापडतो.

पालकीय मंडळाने पुढच्या बैठकीपासून एवढे करावे: चर्चच्या दाराशी जिथे विवाहघोषणा लावतात, तिथेच दर महिन्याचे चर्चचे वीजबिल लावावे, युनिटांच्या आकड्यासह. शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे. आकडा चढलेला दिसला, तर त्याचे कारण रविवारी वेदीवरून सांगितले जावे.