सहानुभूतीच्या पलीकडचं युक्रेन

युक्रेनचं संगीत अलीकडे कानावर येतं ते बहुधा मदतनिधीच्या कार्यक्रमांतून. निधी जमायलाच हवा. पण श्रोत्याने आधीच मनात कणव धरून बसायचं आणि संगीताने तिला नुसता दुजोरा द्यायचा, हा त्या संगीतावर अन्याय आहे.

31 जुलै 2022 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात, युक्रेनियन फ्रीडम ऑर्केस्ट्राचं वादन झालं. त्यात निर्वासित वादक होते, युरोपातल्या वाद्यवृंदांत स्थिरावलेले होते आणि युक्रेनमधूनच आलेलेही होते. लढण्याच्या वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नसल्याने त्यांच्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. कंडक्टर होत्या केरी-लिन विल्सन. अशा प्रसंगी रणवाद्यं दुमदुमली असती तर कुणालाच नवल वाटलं नसतं. या वादकांनी मात्र युक्रेनियन संगीतकार व्हॅलेंतिन सिल्वेस्त्रोव्ह यांची सातवी सिम्फनी वाजवली. ती 2003 सालची, म्हणजे रशियाबरोबरच्या या युद्धाच्या कितीतरी आधीची. तिच्या शेवटाला फुंकवाद्यांतून सूर निघत नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

सिल्वेस्त्रोव्ह 1937 मध्ये कीव्हला जन्मले. तरुणपणी त्यांनी धाडसी, प्रयोगशील रचना केल्या आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली. पुढे ते हळुवार, संथ सुरावटींकडे वळले. मार्च 2022 मध्ये, वयाच्या 84 व्या वर्षी, त्यांना कीव्ह सोडून बर्लिन गाठावं लागलं. त्यांच्या संगीतात स्वर संपल्यानंतरची आसही रचनेचाच भाग असते. तानपुऱ्याच्या झंकारात वाढलेल्या आपल्या कानांना ते परकं वाटू नये.

सोबत समूहगायनही ऐकायला हवं. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेच्या वेळी वाद्यांना स्थान नाही, सारी भिस्त मानवी कंठावर. या परंपरेत शतकानुशतकं मुरलेला समूहस्वर सिल्वेस्त्रोव्ह यांच्या 'युक्रेनसाठी प्रार्थना' या रचनेत आहे. ती 2014 च्या ‘मैदान’ या कीव्हमधल्या सरकारविरोधी आंदोलनाच्या काळातली, मुळात वाद्यांविना गायची; आता वाद्यवृंदही ती वाजवतात. त्याआधीचं मोठं नाव संगीतकार मिकोला लेओन्तोविच. त्यांचं 'श्चेद्रिक' हे समूहगीत 1916 मध्ये कीव्हमध्ये प्रथम गायलं गेलं, 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोहोचलं. लेओन्तोविच तोवर हयात नव्हते. जानेवारी 1921 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने त्यांना गोळी घातली होती. त्यांची सुरावट आज इंग्रजी शब्दांत नाताळचं गाणं म्हणून जगभर वाजते. ती युक्रेनची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. याची मला खरोखर चीड येते.

2023 च्या प्रॉम्सच्या पहिल्याच रात्री युक्रेनियन संगीतकार बोहदाना फ्रोल्याक यांची नवी रचना वाजली, तीही खास मागवून घेतलेली. कीव्हमध्ये जन्मलेल्या दालिया स्तासेव्स्का कंडक्टर होत्या आणि त्याच कार्यक्रमात सिबेलियस आणि ब्रिटनही होते. युक्रेनच्या संगीताला मिळायला हवी ती हीच जागा: इतरांच्या बरोबरीची, नेहमीच्या कार्यक्रमातली, युद्धबंदी झाल्यावरही टिकणारी. मदतीच्या मैफलींना टाळ्या वाजवणाऱ्या आयोजकांनी पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत फ्रोल्याक यांचं नाव छापावं.